आजार निवृत्तीचा, ऑपरेशन संजीवनीचं

सुलतानपूरचा निवृत्ती भाजीची पिकअप चालवायचा. आसपासच्या मळ्यांतली वांगी, टमाटे, कोथिंबीर पहाटे गोळा करायची आणि हर्राशी, म्हणजे भाजीचा लिलाव, सुरू व्हायच्या आत मेहकरला उतरवायची, हे त्याचं काम. उशीर झाला की चांगले व्यापारी दुसऱ्याच्या मालाकडे वळतात. म्हणून निवृत्ती वाटेत थांबायचा नाही. चहाला नाही, लघवीलाही नाही. त्याच्या भरवशावर लोक भाजीचे कॅरेट रस्त्याच्या कडेला ठेवून निर्धास्त घरी जायचे, आणि याचा त्याला अभिमान होता.

त्रास सुरू झाला तेव्हा ऊन तापलं होतं. लघवीला जळजळ व्हायला लागली. उन्हाळी लागली असणार, असं समजून तो धने-जिऱ्याचं पाणी प्यायला, त्यानं सब्जा खाल्ला. उन्हाळा गेला, पाऊस पडून गेला, तरी जळजळ गेली नाही. उलट मांड्यांच्या मधोमध, बसतो त्या जागी, एक जडपणा येऊन बसला. गोटीवर बसल्यासारखं वाटायचं. लघवीला जाऊन आलं की लगेच पुन्हा जावंसं वाटायचं, आणि गेलं तर धार धड यायची नाही. गावातल्या डॉक्टरनं गोळ्या दिल्या. गोळ्या चालू होत्या तोवर बरं वाटलं. मग पुन्हा तेच. दुसऱ्या गोळ्या, पुन्हा थोडे बरे दिवस, पुन्हा तेच.

कधीच न थांबणारा निवृत्ती आता बाभळीच्या आडोशाला गाडी उभी करायला लागला. मागून येणारे गाडीवाले हॉर्न देऊन जायचे.

एक गोष्ट त्यानं कोणालाच सांगितली नव्हती. बायकोजवळ गेल्यावर नंतर दोन दिवस ठणका लागायचा, म्हणून तो तिच्याजवळ जाईनासा झाला होता. त्यामागे आणखी एक भीती होती. ड्रायव्हर माणूस, बाहेर फिरणारा, त्याला असा आजार झाला म्हटल्यावर लोक काय समजतील? निवृत्ती वाकड्या वाटेनं कधी गेला नव्हता. पण ते सिद्ध कसं करणार?

शेवटी त्यानं पुंजाजीजवळ तोंड उघडलं. पुंजाजीची मेहकरला मालवाहू गाडी होती, आणि दोघं हर्राशी उरकली की एकत्र चहा प्यायचे. पुंजाजी म्हणाला, "त्यात लाजाचं काय हाय बे? आठवडी बजारात एक वैदू बसते. तंबू असते त्याचा. माह्या साडूले त्याच्याच पुड्यानं आराम पडला."

पुढच्या बाजाराला निवृत्ती तिथे गेला. तंबूत अंधार होता आणि काचेच्या बरण्यांमध्ये मुळ्या भरून ठेवल्या होत्या. वैदूनं नाडी धरली, डोळे मिटले आणि विचारलं, "लगन झालं?"

"हाव."

"घरवालीच्या अंगावरून पांढरं जाते?"

निवृत्तीला आठवलं, कधीकाळी संजीवनी तसं काही म्हणाली होती. तो म्हणाला, "जात असन."

"मंग तिकूनच आली गरमी. तुमचा काई दोष नाई."

ते ऐकून निवृत्तीला आधी काय वाटलं असेल, तर सुटल्यासारखं वाटलं. हे त्यानं पुढे स्वतःशी कबूल केलं, आणि जे झालं त्यात हेच त्याला सगळ्यात जास्त खात राहिलं. बायकोवर आळ आला याचं दुःख त्याला त्या घडीला झालं नाही. आपल्यावर आला नाही, याचा आनंद झाला. तो पुड्या घेऊन हलक्या पावलांनी गाडीत बसला.

संजीवनी छत्तीस वर्षांची होती. माहेर सोनाळ्याचं, तिकडे संग्रामपूर तालुक्यात. अंगानं काटक. घरामागच्या तुकड्यात ती मेथी-पालक लावायची, उकिडवी बसून सकाळभर जुड्या बांधायची आणि गावातच विकायची. त्या संध्याकाळी ती भाकरी थापत होती. निवृत्ती दारात उभा राहूनच म्हणाला, "मले जे झालं ना, ते तुह्यापासून झालं म्हनते."

तिचा हात पिठातच थांबला. "कोन म्हनते?"

तंबूचं नाव घ्यायची त्याला लाज वाटली. "डॉक्टर," तो म्हणाला.

बस, एवढा एकच शब्द. वैदूचं नाव घेतलं असतं तर संजीवनीनं त्याला तिथंच झापलं असतं. असल्या पुड्यावाल्यांवर तिचा काडीचा विश्वास नव्हता. पण डॉक्टर म्हटल्यावर तिनं मान खाली घातली. तव्यावरची भाकरी करपली तरी तिनं ती उलटली नाही.

आत खाटेवर बसलेल्या सुभद्राबाईंनी, निवृत्तीच्या आईनं, हे सगळं ऐकलं. म्हातारी दुष्ट नव्हती. पण लेकाचे हाल ती रोज बघत होती, आणि आता त्याला कारण मिळालं. दुसऱ्या दिवसापासून संजीवनीची लुगडी वेगळ्या दोरीवर, साबण वेगळा. शेजारच्या जनकाबाईनं विचारलं तर म्हातारीनं सांगून टाकलं, "सुनंच्या अंगात गरमी हाय. पोराले बाधली." जनकाबाईला सांगितलं म्हणजे गल्लीला सांगितलं. निवृत्तीला हे दिसत होतं. तो आईला "राहू दे न माय" एवढंही म्हणाला नाही.

संजीवनी मुलीच्या, प्रतीक्षाच्या, खोलीत झोपायला लागली. नंतर एकदा ती एकटीच तालुक्याच्या गावी एका खासगी दवाखान्यात गेली. तिथे सोनोग्राफी झाली. पिशवीला सूज आहे, मूलबाळ झालंय, आता तिचं काम काय, उगाच पुढे कॅन्सर व्हायचा, काढून टाका, असं तिला सांगण्यात आलं. घरी येऊन तिनं निवृत्तीला विचारलं, "पिशवी काढा म्हनते. काढू काय?"

तो नुकताच मोरीतून आला होता. आत आग पेटली होती. आपल्या दुखण्यापलीकडे त्याला काही सुचत नव्हतं.

"डॉक्टर म्हनते तं काढून टाक."

"मंग तुमचं जाईन ना?"

"जाईन."

ऑपरेशन झालं. टाके भरले, पण संजीवनी पहिल्यासारखी झाली नाही. कमरेत उसण भरायची. उकिडवं बसवेना, त्यामुळे मेथीचा तुकडा पडीक राहिला. मधूनच अंगातून वाफा निघायच्या, ती पदरानं वारा घेत ओट्यावर येऊन बसायची. तरीही ती काहीशी समाधानी होती, कारण निवृत्तीला खरंच आराम पडला होता. महिनाभर जळजळ नव्हती. सुभद्राबाईंनी वेगळी दोरी सोडून टाकली. घरात सगळे पुन्हा एकमेकांशी मोकळं बोलायला लागले.

मग एका सकाळी मेहकरच्या अलीकडे निवृत्तीला गाडी थांबवावी लागली. तो बाभळीमागे उभा राहिला. थेंब थेंब, आणि प्रत्येक थेंबाला आग. तीच आग, त्याच जागी. मागून कोणीतरी ट्रॅक्टर घेऊन गेला, ओळखीचा होता, त्यानं हाक मारली. निवृत्तीला वळून बघवलं नाही. आजार संजीवनीचा नव्हताच, हे त्याला तिथं उभ्या उभ्या कळलं. पिशवी गेली, आणि आजार जिथल्या तिथे.

घरी आल्यावर संजीवनीनं नेहमीप्रमाणे विचारलं, "आज कसं हाय?"

"मस्त," निवृत्ती म्हणाला.

आणि तेव्हापासून तो रोज मस्तच सांगत गेला. आजारापेक्षा हे लपवणं अवघड होतं. मोरीत जास्त वेळ लागू नये म्हणून तो पाणी कमी पिऊ लागला. पाणी कमी प्यायल्यानं जळजळ वाढली. जेवताना पाटावर बसवेना, तर "पायाले मुंग्या येतेत" म्हणून तो उभ्यानंच खायचा. संजीवनी त्याच्याजवळ आली तर तो थकल्याचं सांगायचा. तिला वाटलं, पिशवी काढलेली बाई याला आता नको असेल. ती तसं बोलली नाही. पण एकदा निवृत्तीनं तिला आरशासमोर पोटावरचा व्रण चाचपताना पाहिलं. तो दारातूनच मागे फिरला आणि गाडी पुसत बसला. गाडी स्वच्छच होती.

कधी कधी वाटायचं, सांगून टाकावं. मग वाटायचं, सांगून तिला काय मिळणार? निदान उपयोग झाला या समजुतीवर ती जगतेय, तेवढीही काढून घ्यायची? हे विचार बायकोवरच्या दयेपोटी येतात की स्वतःच्या भीतीपोटी, हे त्याला नीट माहीत होतं. त्यामुळे स्वतःचा रागही यायचा. असं करत जवळजवळ दोन वर्षं गेली.

शेवटी शरीरानंच त्याला उघडं पाडलं. एके दिवशी माल उतरवून परत येताना त्याला हुडहुडी भरली. घरी पोचेपर्यंत अंग भट्टीसारखं तापलं. लघवी पूर्ण अडली, पोट फुगलं, आणि वेदनेनं तो अंगणातच गुडघ्यांवर बसला. प्रतीक्षा तेव्हा बारावीला होती. तिनं फोन करून पुंजाजीला बोलावलं, आणि पुंजाजीच्या गाडीत संजीवनी आणि ती त्याला घेऊन बुलढाण्याला गेल्या. तिथल्या मूत्ररोगाच्या डॉक्टरनं नळी घातली, सलाइन लावलं. ताप उतरायला चार दिवस लागले.

सुट्टी व्हायच्या आधी डॉक्टरनं नवरा-बायकोला समोर बसवलं. तरुण, हळू बोलणारा माणूस होता तो. त्यानं कागदावर आकृती काढली. "लघवीच्या पिशवीच्या खाली ही अक्रोडाएवढी ग्रंथी असते, प्रोस्टेट. प्रत्येक पुरुषाला असते. तुमच्या या ग्रंथीला जुनी सूज आहे. आता वरून जंतुसंसर्ग झाला म्हणून ताप आला. किती दिवसांपासून त्रास आहे?"

निवृत्तीनं संजीवनीकडे पाहिलं नाही. "तीनेक वर्षं."

"सलग?"

"मधात महिनाभर नवता."

संजीवनीनं मान वळवली. "माह्या ऑपरेशनानंतर बी होतं?"

निवृत्तीनं कागदावरच्या आकृतीवर नजर रोखली. डॉक्टरला संदर्भ लागेना. संजीवनीनंच सांगितलं, "मले पांढरं जात होतं. माह्यापासून याईले झालं, म्हनून म्या पिशवी काढली."

डॉक्टरनं पेन खाली ठेवलं. "बाई, याचा तुमच्याशी काही संबंध नाही. तसला संसर्ग असता तर तपासणीत दिसला असता. तुम्हाला असं कोणी सांगितलं?"

"डॉक्टरनं." मग ती निवृत्तीकडे वळली. "कोन्ता डॉक्टर होता तो?"

तेव्हाही खोटं बोलता आलं असतं. मेहकरचा कुठला तरी, आता आठवत नाही, असं म्हटलं असतं तरी खपलं असतं. निवृत्तीच्या जिभेवर ते आलंसुद्धा. पण दोन वर्षं 'मस्त' म्हणून म्हणून त्याचा जीव थकला होता.

"डॉक्टर नवता," तो म्हणाला. "बजारातला तंबूवाला वैदू होता. मले सांगाची लाज वाटली."

 संजीवनीनं डॉक्टरला विचारलं, "माही पिशवी खराब नसन, तं मंग काऊन काढली?"

डॉक्टर म्हणाला, "तुमचे रिपोर्ट पाहिल्याशिवाय मी सांगू शकत नाही. पण नुसत्या पांढऱ्या पाण्यासाठी सहसा काढत नाहीत."

ती उठली आणि बाहेर बाकावर जाऊन बसली. पुढचं सगळं निवृत्तीनं एकट्यानं ऐकलं. हा आजार लगेच संपणारा नाही, पण आटोक्यात राहतो. कोमट पाण्याच्या टबात बसायचं. लघवी अडवून धरायची नाही. तासन् तास एका जागी बसायचं नाही. चहा, तिखट कमी. ओटीपोटाचे स्नायू सैल सोडायचा व्यायाम रोज करायचा. तो मान हलवत होता, पण डोळे दाराकडे होते. बाहेर आला तेव्हा संजीवनीच्या हातात औषधांची पिशवी होती. तिनं नर्सकडून चिठ्ठी घेऊन औषधं आणून ठेवली होती. परतीच्या बसमध्ये ती प्रतीक्षाशेजारी बसली.

दोन दिवसांनी ती सोनाळ्याला माहेरी निघून गेली.

घरात निवृत्ती, आई आणि मुलगी उरले. प्रतीक्षानं बापाशी बोलणं टाकलं. ती टबात पाणी तापवून ठेवायची, आणि काही न बोलता निघून जायची. सुभद्राबाई एकदा भाजी निवडता निवडता म्हणाल्या, "तू सांगतलं म्हनून म्या बोलली रे तिले. वेगळ्या दोरीवर घातले तिचे कपडे. आता कोन्त्या तोंडानं बोलावू?" निवृत्ती उठून टबाकडे गेला. कोमट पाण्यात बसल्यावर दुखणं खरंच निवळायचं. दुखणं निवळलं की त्याला जास्त वाईट वाटायचं. एवढं सोपं होतं, आणि आपण काय करून बसलो.

चालण्याजोगा झाल्यावर तो खामगावला गाडी बदलत सोनाळ्याला गेला. मेव्हण्यानं पाणी दिलं आणि कामाचं निमित्त काढून तो शेतात निघून गेला. संजीवनी अंगणात बसून तुरी पाखडत होती. निवृत्ती तिच्यासमोर खाली बसला. "माहं चुकलं. तू म्हनशीन ते करतो," एवढं बोलून त्याला रडू कोसळलं.

ती सूप हलवत राहिली. तशीच म्हणाली, "रडू नका. तुमी रडले म्हनून म्या उगी राहू काय?" मग सूप बाजूला ठेवून तिनं विचारलं, "तुमाले पुना तरास सुरू झाला, तव्हा मले काऊन नाई सांगतलं? ऑपरेशनाचं एक वेळ जाऊ द्या. दोन वर्षं रोज सकाळी म्या इचारलं."

"हिंमत नाई झाली."

"मले वाटे, मी आता बाई राह्यली नाई म्हनून तुमी जवळ येत नाई."

निवृत्तीनं खाली सांडलेल्या तुरी वेचायला घेतल्या. 'तसं नव्हतं' एवढंच सांगायचं होतं. 

"मले माफी नको," ती म्हणाली. "गल्लीत माहं नाव झालं. आत्याबाईनं सांगतलं, जनकाबाईनं पसरवलं. तठी जाऊन तुमच्या तोंडानं सांगा का आजार कोनाचा होता. मंग पाहू."

निवृत्ती परत आला आणि सांगायला लागला. आधी आईला, प्रतीक्षासमोर बसवून. नंतर जनकाबाईच्या ओट्यावर, चार बायका बसल्या असताना. तो उभाच राहिला.  "माह्या बायकोले काई नवतं. आजार माहा हाय, लघवीच्या जागचा. म्या तिच्यावर नाव टाकलं," असं तो म्हणाला. एका बाईनं तोंडाला पदर लावला. जनकाबाई "असू दे भाऊ, असू दे" म्हणत उठायला लागली, तर त्यानं तिला थांबवलं आणि पुन्हा सगळं पहिल्यापासून सांगितलं. मेहकरला पुंजाजीलाही सांगितलं. हर्राशीवरचे दोन-तीन गाडीवाले त्यावर हसले. नंतर त्यांच्यापैकीच एकजण हळूच जवळ येऊन म्हणाला, "मलेबी जळजळ होते यार. त्या डॉक्टरचा नंबर देजो." निवृत्तीनं नंबर दिला.

प्रतीक्षाची परीक्षा तोंडावर आली तेव्हा संजीवनी परत आली. "पोरीसाठी आली," असं तिनं उंबऱ्यातच सांगितलं. सुभद्राबाईंनी तिच्यासाठी पाणी आणलं, पण येता येता अर्धं सांडलं. "मायवं, म्या लय बोलली तुले," म्हातारी म्हणाली. संजीवनी उरलेलं पाणी प्यायली, आणि पदर खोचून स्वयंपाकघरात गेली.

तेव्हापासून आता दीडेक वर्ष झालं असेल. निवृत्तीचा आजार पुरता गेलेला नाही. बरे आठवडे जास्त असतात, वाईट आठवडे कमी. तो वाटेत थांबतो, पाणी पितो, पाय मोकळे करतो, आणि मालवाल्यांना आधीच सांगून ठेवतो की मले थांबावं लागते. एक-दोन गिऱ्हाइकं तुटली. संजीवनीची कंबर अजून धरते. मेथीचा तुकडा आता निवृत्ती खुरपतो, जुड्या मात्र तीच बांधते, खुर्चीवर बसून. ती त्याच्याशी बोलते, त्याचं पथ्य बघते. कधी तरी हसतेही. मग मध्येच गप्प होते, आणि ती कुठे गेली हे निवृत्तीला बरोबर कळतं. तिथे त्याला जाता येत नाही.

गेल्या महिन्यात जनकाबाईची सून डिंपल संजीवनीकडे आली. वय तिशीच्या आतलं. तिलाही कोणीतरी पिशवी काढायला सांगितली होती. संजीवनी म्हणाली, "कागद घे अन् चाल." निवृत्तीनं दोघींना पिकअपमध्ये बसवून बुलढाण्याच्या सरकारी दवाखान्यात नेलं. वाटेत तो थांबला तेव्हा डिंपल अवघडून बाहेर बघायला लागली. संजीवनी सरळ म्हणाली, "त्याईले तरास हाय. होऊ दे त्याईचं."

दवाखान्यातल्या डॉक्टरबाईंनी तपासलं आणि सांगितलं, काढायची काही गरज नाही, औषधानं बरं होईल. येताना डिंपलच्या तोंडाची टकळी थांबत नव्हती. तिला घरी सोडल्यावर गाडीत दोघंच उरले. निवृत्तीनं आपल्या दाराशी इंजिन बंद केलं. पुष्कळ वेळ मनात घोळत होतं ते तो बोलून गेला.

"आपल्यालेबी कोनी असं घेऊन गेलं असतं तं."

"आपल्याले नाई," संजीवनी म्हणाली. "मले."

"हाव," तो म्हणाला. "तुले."

ती खाली उतरली. निवृत्ती तसाच हातात चावी धरून बसला. थोड्या वेळानं आतून भांड्यांचा आवाज आला, तेव्हा तो उतरला आणि मेथीला पाणी द्यायला घरामागे गेला.